‘लठ्ठपणाचं जनुक’ असं लिहायचं नाही, तर मग काय लिहायचं?

कच्चा_खर्डा :

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं प्रयोगशाळेत काढली. आता दीड वर्ष झालं, आरोग्य आणि जनुकशास्त्रावर पूर्ण वेळ लिहितोय. इथे लिहिणारे, संशोधन करणारे, पेशंटशी रोज बोलणारे असे सगळेच आहेत, म्हणून विचारतो.

दोन महिन्यांपूर्वी एफटीओ या जनुकावर लेख लिहिला. मथळा माझाच होता : ‘लठ्ठपणाचं जनुक तुमच्यात आहे का?’ २००७ सालच्या शोधाची हकिगत, चरबी कशी साठते यावर दोन परिच्छेद, आणि शेवटी ‘काहींच्या नशिबी लठ्ठपणा जन्मतःच लिहिलेला असतो’ हे वाक्य. लिहिताना ते वाक्य मला फार आवडलं होतं. लेख भरपूर फिरला.

मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं. वय त्रेपन्न. दोन वर्षं रोज पहाटे तासभर चालून त्यांनी नऊ किलो उतरवले होते. मुलीनं हौसेनं लाळेवरून होणारी जनुकचाचणी करून दिली, आणि अहवालात एफटीओसमोर ‘धोका वाढलेला’ असा शेरा आला. मग कुणीतरी त्यांना माझा लेख पाठवला. तो वाचून त्यांनी चालणं बंद केलं. “जनुकातच आहे म्हटल्यावर जिवाचा आटापिटा कशाला,” असं त्यांनी लिहिलंय. पत्रात राग अजिबात नाही. उलट आभार मानलेत, की आता स्वतःला दोष देणं थांबलं.

त्या आभारांमुळे चार दिवस झोप लागलेली नाही.

लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं असं मला वाटत होतं. प्रेसनोट होती, दोन जुन्या बातम्या होत्या, मूळ शोधनिबंधाचा सारांश वाचला होता. आता लक्षात येतंय की सारांशाच्या पुढे मी गेलोच नव्हतो. पण ‘अमक्या रोगाचं जनुक’ असं न म्हणता सर्वसामान्य वाचकाला समजेल असं लिहायचं कसं? प्रेसनोटवर कितपत विसंबायचं? आणि छापण्याआधी लेख संशोधकाला दाखवावा का?


जुनी_दौत :

आधी त्या गृहस्थांना उत्तर लिहा. आजच. खालचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

त्यांना सांगण्यासारखं पक्कं काहीतरी हातात आहे. वजन उतरवण्याच्या आठ चाचण्यांमधल्या ९,५६३ जणांची माहिती एकत्र करून २०१६ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. प्रश्न नेमका तुमच्या वाचकाचाच होता : एफटीओचा धोक्याचा प्रकार अंगात असेल तर आहार, व्यायाम किंवा औषध यांनी वजन कमी उतरतं का? उतरण्यात फरक पडत नाही, असं निघालं. तो प्रकार असलेले आणि नसलेले, दोघांचंही वजन सारखंच उतरलं. त्याआधी २०११ मध्ये २,१८,१६६ प्रौढांच्या माहितीवरून दिसलं होतं की हालचाल करत राहणाऱ्यांमध्ये या बदलाची लठ्ठपणाकडची ओढ सुमारे २७ टक्क्यांनी कमी पडते. म्हणजे त्या अहवालानंतर त्यांनी सोडायला नको होती अशी एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच सोडली.

आता तुमच्या लेखाकडे येते. मी एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एफटीओ हे नाव कुठून आलं हे शोधलंत का? प्रयोगशाळेत उंदरांचा एक वाण होता, त्यांच्या पुढच्या पायांची बोटं एकमेकांना चिकटलेली असायची. त्यांच्या आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला होता आणि त्या तुकड्यात सहा जनुकं होती. त्यातलं एक आकाराने फार मोठं होतं, म्हणून त्याला ‘फॅट्सो’ हे नाव पडलं, त्याचंच आखूड रूप एफटीओ. तेव्हा वजनाचा विषयही कुणाच्या डोक्यात नव्हता. वजन आलं ते २००७ मध्ये, आणि मग त्याच तीन अक्षरांत ‘फॅट’ आणि ‘ओबेसिटी’ बसवून नव्या अर्थाचं नाव तयार झालं. गळालेल्या त्या सहांमध्ये एफटीओचे दोन शेजारीही होते, आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५. ही नावं लक्षात असू द्या.

२००७च्या निबंधात ३८,७५९ जण होते, सगळे युरोपीय वंशाचे. हे तुमच्या लेखात आलं नाही, यायला हवं होतं. त्यातल्या प्रौढांपैकी सुमारे १६ टक्क्यांना धोक्याचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेला होता. त्यांचं वजन, तो प्रकार मुळीच न आलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने जास्त भरलं. लठ्ठ असण्याची शक्यता १.६७ पट होती.

तुमचा लेख शोधून आत्ता वाचला. त्यात १.६७ पट आहे, ३ किलो नाही. दोन्ही एकाच निबंधातले, एकाच सारांशातले आकडे. पटीत सांगितलं की वाचक घाबरतो. किलोत सांगितलं असतं तर त्या गृहस्थांनी आपला काटा आठवला असता. जनुकाच्या खात्यात तीन किलो होते, त्यांनी चालून नऊ उतरवले होते. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडणं हे आपलं काम होतं.

गोष्ट इथे संपत नाही. तो बदल एफटीओच्या अशा भागात बसलाय जिथल्या मजकुरापासून प्रथिन बनतच नाही. मग तो करतो काय? २०१५ मध्ये याचं बरंचसं उत्तर मिळालं. तिथे डीएनएचं एक अक्षर बदललं की चरबीपेशी होऊ घातलेल्या पेशींमध्ये आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ ही शेजारची जनुकं जास्त काम करू लागतात, आणि त्या पेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी चरबी साठवण्याकडे वळतात. म्हणजे बदल राहतो एफटीओच्या घरात, पण राबवतो शेजाऱ्यांना! एफटीओला पूर्ण बाजूला काढता येत नाही, कारण ते बंद पाडलेले उंदीर सडपातळ निघाले होते. पण ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणून आपण सगळ्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याच्यावरचा आरोप इतका साधा नव्हता एवढं नक्की.

शिवाय वजनाशी जोडलेली जागा ही एकच नाही. २०१८ साली सुमारे सात लाख लोकांच्या जनुकसंचातून अशा ९४१ खुणा निघाल्या. त्या सगळ्या एकत्र धरल्या तरी माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) फरकापैकी जेमतेम ६ टक्के फरक समजावून सांगता येतो. तिथे ‘नशीब’ हा शब्द कुठे बसवणार?

म्हणून मी ‘जनुक’ हा शब्द एकटा सोडत नाही. जनुक सगळ्यांमध्येच असतं. काहींमध्ये वेगळा असतो तो त्यातला बदल. तो बदल पेशीत काय करतो, त्याने किती फरक पडतो आणि हे कुणात मोजलं, एवढं एका दमात सांगता येईपर्यंत मी लिहायला बसत नाही.

हे मला शिकवलं ते एका बाईंच्या फोनने. मी चौथ्या-पाचव्या वर्षात असताना बीआरसीए१वर लिहिलं होतं : ‘हे जनुक असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो.’ फोनवर त्या म्हणाल्या, “ताई, माझी आई यानेच गेली. माझ्यात ते जनुक आहे का बघून, असलं तर काढून टाकता येईल का?” उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझं वाक्य चुकलंय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बीआरसीए१ प्रत्येकात असतं, पुरुषांतसुद्धा. तुटलेला डीएनए सांधण्याच्या कामात त्याचा हात असतो. ते बिघडलं तर धोका. जे त्यांची राखण करत होतं तेच उपटून टाकायला त्या निघाल्या होत्या, आणि ते माझ्यामुळे. आम्ही तासभर बोललो. मी खुलासा छापला. पण पहिला लेख कापून ठेवलेल्या किती जणींनी तो खुलासा पाहिला असेल, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

प्रेसनोट वाचायला हरकत नाही, पण ती शेवटी वाचा. आधी निबंधातली ‘पद्धती’ची पानं. आणि त्या विषयातल्या पण त्या निबंधावर नाव नसलेल्या एकाला तरी फोन करा. मी त्यांना “हे महत्त्वाचं आहे का” असं कधी विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. “यातलं तुम्हाला काय पटलं नाही?” असं विचारते. त्यावर पहिली काही सेकंद शांतता असते, आणि मग खरी माहिती येते.

लेख संशोधकाला दाखवत नाही. त्यांचं बोलणं आणि तांत्रिक वाक्यं फोनवर वाचून दाखवते.


वंशवेल :

जनुकीय समुपदेशनाचं काम करते. दौतताईंना आला तसा फोन मला आठवड्याला एक तरी येतो, आणि बहुतेक वेळा समोरच्याच्या हातात कुठलातरी लेख असतो. म्हणून तुमच्याकडे तीन विनंत्या.

टक्के लिहिताना वय सोडू नका. २०१७ साली मोठ्या अभ्यासातून आलेला आकडा असा आहे : बीआरसीए१मध्ये घातक बदल असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, बीआरसीए२ या तशाच दुसऱ्या जनुकात असेल तर ६९ जणींना. नुसतं ‘७२ टक्के धोका’ वाचून आलेली पंचविशीतली मुलगी माझ्यासमोर बसते तेव्हा तिला वाटत असतं की हे आज-उद्या होणार. ‘८० वर्षांपर्यंत’ हे दोन शब्द ऐकल्यावर तिचा श्वास खाली येताना मी पाहिलाय. धोका तेवढाच असतो, पण काय करायचं ते ठरवायला हाताशी वेळ आहे हे तिला कळतं.

दुसरं, ‘निगेटिव्ह’. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१८ मध्ये घरबसल्या करायच्या एका चाचणीला बीआरसीएमधले तीन बदल कळवायची परवानगी दिली. हे तीन प्रामुख्याने अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू वंशाच्या लोकांत आढळतात. माहीत असलेले बदल हजाराहून जास्त आहेत. अशा चाचणीचं ‘निगेटिव्ह’ हातात घेऊन कुणी निर्धास्त झाली, तर तिला त्या हजारांबद्दल कुणीच सांगितलेलं नसतं.

तिसरं, आणि यावर जवळजवळ कुणी लिहितच नाही. अहवालात बऱ्याचदा ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असा शेरा येतो. म्हणजे डीएनएत वेगळेपण दिसलं, पण ते घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. पुढे माहिती साठत गेल्यावर यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. लोक मात्र त्याला ‘पॉझिटिव्ह’ समजून रात्री काढतात. एखादा लेख फक्त या शेऱ्यावर लिहा ना. मी लागेल तेवढी मदत करीन.

तुमच्या वाचकाबद्दल एक. त्यांनी स्वतःला दोष देणं थांबवलं हे चांगलंच झालंय, ते काढून घेऊ नका. दोष त्यांचा नव्हताच. फक्त चालणं परत मिळवून द्या.


पेट्रीडिश :

मी प्रयोगशाळेच्या बाजूचा माणूस. लेख दाखवण्याच्या बाबतीत जुनी_दौत यांच्याशी माझं जमत नाही, पण आधी आमच्या बाजूची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाचा निबंध आला. काम सगळं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचं. प्रेसनोटच्या मसुद्यात शेवटी ‘यामुळे नव्या उपचारांचा मार्ग मोकळा झाला आहे’ असं वाक्य होतं. ते मी वाचलं होतं. त्यावर होकारही मीच दिला होता. आठवड्याभरात बातम्यांमध्ये ‘उपचार सापडला’ झालं, आणि मला पालकांच्या ईमेल येऊ लागल्या. औषध कधी मिळेल, मुलाला कुठे घेऊन येऊ. एकेकीला मी रात्री बसून उत्तर दिलं. बातमीदारांवर चिडलो होतो, पण मूळ वाक्यावर माझी संमती होती.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. २०१४ साली ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोट मूळ निबंधांशी ताडून पाहिल्या गेल्या. प्राण्यांवरच्या किंवा पेशींवरच्या कामावरून माणसांबद्दल फुगवलेले निष्कर्ष ३६ टक्के प्रेसनोटमध्येच होते. तशी प्रेसनोट असली की ८६ टक्के बातम्यांत तीच फुगवणूक उतरली होती, आणि प्रेसनोट नेमकी असली की फक्त १० टक्क्यांत. म्हणजे कच्चा_खर्डा, तुमच्या हाती येण्याआधीच बरंच बिघडलेलं असतं. म्हणून प्रेसनोट शेवटी वाचा या सल्ल्याला पूर्ण अनुमोदन.

पण लेख दाखवायला हवा असं मला मनापासून वाटतं. फोनवर वाचून दाखवलेलं वाक्य कानाला बरोबर वाटतं. तेच वाक्य कुठल्या वाक्याच्या मागे-पुढे ठेवलंय यावर अर्थ फिरतो. ‘पेशींमध्ये’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात असेल आणि पुढचे सहा परिच्छेद ‘रुग्ण, रुग्ण’ म्हणत असतील, तर प्रत्येक वाक्य सुटं बरोबर आणि लेख मात्र चुकीचा.


जुनी_दौत :

पेट्रीडिश, शेवटच्या वाक्यातलं म्हणणं खरं आहे. मी अशा लेखांमध्ये पद्धती आणि निष्कर्षाचे सलग परिच्छेद ईमेलने पाठवत जाईन. पण संपूर्ण लेख नाही. निबंधावर नाव नसलेल्या माणसाने जी शंका काढलेली असते ती मूळ संशोधकाला पाठवली की ती सौम्य करून परत येते, असं माझ्यासोबत तीनदा झालंय. एकदा तर ‘नमुना लहान होता’ हे वाक्यच गाळून आलं. ती शंका वाचकाच्या हक्काची असते.


मथळा_टेबल :

थोडक्यात लिहितो, कामाची पाळी सुरू आहे. अकरा वर्षं उपसंपादक आहे. प्रयोग उंदरांवरचा असेल तर ‘उंदरांत’ हा चार अक्षरांचा शब्द आहे आणि तो मथळ्यात मावतो. मावत नाही असं जो म्हणेल त्याला हा प्रतिसाद दाखवा. लेखासोबत स्वतः दोन मथळे पाठवत जा, एक लांब, एक आखूड. लेखकाने मथळा दिला नाही की तो रात्री साडेअकराला माझ्यासारखा दमलेला माणूस देतो, आणि त्याने लेख वरवर वाचलेला असतो. आणि प्रश्नार्थक मथळा नको. ‘तुमच्यात आहे का?’ विचारलं की वाचक मनातल्या मनात हो म्हणूनच पुढे वाचतो.


कच्चा_खर्डा :

सगळ्यांचे आभार. २००७ आणि २०१५ चे निबंध काल रात्री पद्धतींसकट वाचले. लेखाची सुरुवात नव्याने लिहिली आहे, बघा जमतंय का :

‘एफटीओ हे जनुक आपल्या सगळ्यांमध्ये असतं. त्यातल्या एका जागी डीएनएचं एक अक्षर काहींमध्ये वेगळं असतं. हे जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेल्या युरोपीय वंशाच्या प्रौढांचं वजन, ते न आलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने जास्त आढळलं. आहार किंवा व्यायामाने वजन उतरवताना मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही.’

मथळा : ‘एफटीओतल्या बदलाचं वजन : सरासरी तीन किलो’. जुन्या लेखाच्या वर दुरुस्तीची चौकट टाकायला संपादक तयार झालेत. तळाला नाही, वरच.


जुनी_दौत :

तिसरं वाक्य बघा. ‘हे जनुक दोघांकडून आलेल्या’ लिहिलंय. जनुक दोघांकडून सगळ्यांनाच येतं. तिथे ‘हे वेगळं अक्षर’ करा. माझी एकोणीस वर्षं झाली तरी हात तिथेच घसरतो, म्हणून लगेच दिसलं. बाकी चांगलं झालंय. चौकट वर घेतलीत हे फारच बरं केलंत.


कच्चा_खर्डा :

बदललं. आणि त्या काकांना परवाच पत्र गेलं होतं, आज उत्तर आलं. मी पहिल्याच ओळीत तीन किलो आणि नऊ किलो लिहिले होते. त्यांनी त्या निबंधाची प्रत मागवलीय, मुलीला दाखवायला. चालण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. प्रत पाठवतोय, सोबत वंशवेल ताईंचा प्रतिसादही पाठवू का? त्यांची परवानगी असेल तर.


वंशवेल :

जरूर पाठवा. शेवटचा परिच्छेद आधी ठेवा.